कोल्हापुरात घरच्या घरी आइस्ड माचा लाटे: पावडर निवडण्यापासून ग्लास भरेपर्यंत सगळं

गेल्या मे महिन्यात माझी धाकटी बहीण पुण्याहून येताना माचाचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या बारीक पावडरीचा, ३० ग्रॅमचा डबा घेऊन आली, आणि आमच्या घरात त्याचं पहिल्यांदा जे झालं ते बऱ्याच घरांत होत असणार. आईनं पातेलं ठेवलं, म्हशीचं दूध, साखर, दूध तापल्यावर वरनं दोन चमचे पावडर, आणि चहासारख्या दोन उकळ्या येऊ दिल्या. रंग गेला खाकीवर, गुठळ्या सायीला चिकटून वर आल्या आणि चव अशी की पालेभाजी दुधात शिजवलीय. पावडर चांगली होती, तिचा दोष नव्हता. आपला हात चहाला बसलेला आहे, चहा म्हटलं की उकळायचा, जेवढा उकळेल तेवढा कडक, आणि माचाला नेमकं तेवढंच चालत नाही.

तेव्हापासून वर्षभर मी हे घरी करतेय, उन्हाळ्यात तर रोज दुपारी, आणि आता डोळे झाकून जमतंय. एक गोष्ट पक्की कळलीय, लाटे (म्हणजे दूध घातलेला माचा) चांगला होणार का नाही हे दुधात ठरत नाही, ते त्याआधी ५० मिली पाण्यात ठरतंय. पावडर चाळून, बेताच्या गरम पाण्यात नीट घुसळून घेतली की पुढचं सगळं सोपं. तिथं घाई केली तर मग कितीही भारी दूध घाला, उपयोग नाही. म्हणून खाली त्या भागावर जास्त लिहिलंय, बाकीचं भराभर.

आधी हे काय आहे ते दोन मिनिटांत

माचा म्हणजे वेगळी वनस्पती नाही, आपल्या चहाचंच झाड. फरक वाढवण्यात आणि दळण्यात. पानं खुडायच्या आधी साधारण ३ ते ४ आठवडे मळ्यावर जाळ्या किंवा गवताच्या चटया टाकून सावली करतात. ऊन कमी मिळालं की पान जास्त हरितद्रव्य करतंय, म्हणून रंग गडद हिरवा होतोय, आणि पानातलं थिअनिन नावाचं अमिनो आम्ल टिकून राहतंय, जे उन्हात असतं तर तुरट घटकांत बदललं असतं. माचात जी एक गोडसर, जिभेवर रेंगाळणारी चव असते ती या थिअनिनची. मग पानं वाफवायची, वाळवायची, देठ आणि शिरा काढून टाकायच्या, जे उरतं त्याला तेंचा म्हणतात, आणि तेंचा ग्रॅनाइटच्या जात्यावर दळला की माचा. एका जात्यावर तासाला फक्त ३०-४० ग्रॅम निघतंय, म्हणजे तुमच्या हातातला तो एवढासा डबा म्हणजे जात्याचं तासभर फिरणं. जोरात दळलं तर दगड तापतो आणि वास जातो, हे ज्वारीचं पीठ जात्यावर दळलेल्या आजीला सांगितलं तर लगेच पटतंय.

पावडर करून चहा प्यायची पद्धत मुळात चीनमधली, ११९१ साली एइसाई नावाचे बौद्ध भिक्षू ती आणि चहाचं बी घेऊन जपानला परतले असं मानतात. क्योटोजवळचं उजी, आइची प्रांतातलं निशिओ, फुकुओकातलं यामे, कागोशिमा ही तिकडची माचाची गावं. डब्यावर यातलं एखादं नाव दिसलं तर निदान माल कुठला आहे ते तरी कळतंय.

आणि एक सांगते, घरातला साधा ग्रीन टी मिक्सरला लावून माचा होत नाही. मी केलंय. पिवळट रंग, जिभेला खरखर, आणि कडू, कारण त्यात देठं-शिरा सगळं असतंय आणि पान उन्हातलं असतंय.

पावडर घेताना

आपल्याकडे मोठ्या सुपरमार्केटात एखाद-दुसरा डबा मिळतो, नाहीतर ऑनलाइन. ऑनलाइन घेताना आधी घटकांची यादी वाचा, त्यात एकच गोष्ट पाहिजे, ग्रीन टी किंवा माचा. साखर, दूध पावडर, माल्टोडेक्स्ट्रिन असलं काही दिसलं तर ते प्रीमिक्स आहे, ते घेऊन हा लेख वाचायचा काही उपयोग नाही. मग रंग. चांगली पावडर कोवळ्या गवतासारखी लख्ख हिरवी असते, आणि जुनी किंवा हलकी असली की मेंदीच्या पावडरीसारखी पिवळट-मळकट. मला एकदा असाच मेंदीच्या रंगाचा डबा आला होता, फोटोत मात्र पोपटी होता, परत पाठवायची सोय नव्हती आणि पैसे गेले. तेव्हापासून मी आधी घेतलेल्यांनी टाकलेले फोटो बघते, दुकानाचे नाही.

'सेरेमोनियल ग्रेड' (समारंभासाठीचा उंची माल) या शब्दावर फार जाऊ नका. जपानमध्ये त्याचा काही सरकारी निकष नाही, कोणीही डब्यावर छापू शकतो. लाटेला तसाही सगळ्यात महाग माचा लागत नाही, दूध आणि साखर पडणारच आहे, उलट थोडा ठसठशीत चवीचा मधल्या दराचा जास्त बरा, नाजूक चवीचा महाग माचा दुधात हरवतो. पण अगदी स्वस्त 'कलिनरी' म्हणून केक-बिस्किटांसाठी विकतात तोही नको, तो कडू असतोय. मधला घ्या.

मी हल्ली ३० ग्रॅमला साडेतेराशे देते. एका ग्लासला २ ग्रॅम धरले तर १५ ग्लास, म्हणजे पावडरचे ९० रुपये, दूध-साखर धरून शंभराच्या आसपास. रोजचं म्हणून महागच आहे, ते कबूल, पण बाहेर याच्या अडीच-तीनपट देऊन निम्मा ग्लास बर्फ मिळतो. दर वाढलेत ते खरंय, जगभर मागणी इतकी वाढली की २०२४ च्या शेवटी इप्पोदो आणि मारुक्यू कोयामाएन या क्योटो-उजीकडच्या जुन्या नावाजलेल्या दुकानांना सुद्धा एका गिऱ्हाइकाला किती द्यायचं यावर मर्यादा घालायला लागली. म्हणून एकदम मोठा डबा घेऊन साठवावं असं वाटतंय, तसं करू नका, उघडल्यावर महिना-दीड महिन्यात संपेल एवढाच घ्या.

काय काय लागतंय

एका मोठ्या ग्लाससाठी (३०० मिलीचा, आपला लस्सीचा ग्लास असतो तेवढा): माचा २ ग्रॅम, गरम पाणी ५० मिली, गार दूध १५० मिली, पाक १ ते दीड मोठा चमचा, बर्फाचे ५-६ मोठे खडे. भांडी म्हणजे बारीक जाळीची गाळणी, एक रुंद वाडगा, आणि घुसळायला काहीतरी, त्यावर खाली बोलते.

२ ग्रॅम म्हणजे किती यावर माझा आधी खूप गोंधळ झाला, कारण 'एक चमचा' म्हणतात सगळे पण प्रत्येक घरचा चहाचा चमचा वेगळा. माझा मामेभाऊ गुजरीत, आपल्या सराफ बाजारात, कारागीर आहे, मी डबा आणि आमच्या घरचे तीन चमचे घेऊन सरळ त्याच्याकडे गेले. सोन्याच्या काट्यावर तिन्ही मोजले, सपाट भरून. एक दीड ग्रॅमचा निघाला, एक १.९ चा, आणि आईचा जुना स्टीलचा चमचा चक्क २.८ चा! म्हणजे त्या चमच्यानं घातलं की प्रत्येक ग्लासात जवळजवळ १ ग्रॅम जास्त, कडू लागणारच. आता १.९ वाला चमचा डब्याशेजारी वेगळा ठेवलाय. तुमच्याकडे छोटा डिजिटल काटा असेल तर एकदाच मोजून घ्या, रोज मोजायची गरज नाही.

पाणी: उकळतं नको

७५ ते ८० अंशाचं पाणी पाहिजे. उकळतं पाणी घातलं की तुरट-कडू घटक एकदम पुढं येतात आणि तो ताजा वास उडून जातो. थर्मामीटर घ्यायची गरज नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळं आपल्याकडे पाणी ९८ अंशाच्या आसपास उकळतंय. आता ३ वाट्या उकळत्या पाण्यात १ वाटी माठातलं पाणी मिसळा, माठातलं २५ अंश धरलं तर हिशोबानं बरोबर ८० अंश येतंय. एवढं पाणी एका ग्लासला लागत नाही, पण वाया जात नाही, त्यातलंच थोडं वाडग्यात ओतून वाडगा गरम करा, चासेन (माचा घुसळायची बांबूची जपानी रवी) असेल तर ते त्यात भिजवा, आणि ते ओतून टाकून उरलेल्यातलं ५० मिली माचावर घाला.

वाटी-बिटी नको असेल तर उकळतं पाणी एका भांड्यातनं दुसऱ्या गार भांड्यात आणि तिथनं तिसऱ्यात, असं चहावाले ओततात तसं दोनदा फिरवा, प्रत्येक वेळी ८-१० अंश उतरतंय.

चाळणं आणि घुसळणं

इथं हात आखडता घ्यायचा नाही. माचा इतका बारीक असतो की कण एकमेकांना चिकटून गोळ्या करतात, आणि गोळी एकदा ओली झाली की बाहेरनं चिकट थर बसतो आणि आत कोरडी पावडर अडकते, पिताना ती दाताखाली फुटते. आपण पिठलं करताना बेसन आधी थोड्या पाण्यात कालवतो, एकदम सगळं पाणी ओतत नाही, हा अगदी तोच प्रकार आहे.

स्टीलच्या बारीक जाळीच्या गाळणीत पावडर घ्या आणि चमच्याच्या पाठीनं हळू घासत कोरड्या वाडग्यात पाडा. चहाची प्लास्टिकची गाळणी चालत नाही, तिची जाळी मोठी असते. वाडगा ओला असेल तर पुसून घ्या, गरम केल्यावर पुसायचं विसरतंय माणूस. चाळलेली पावडर वाडग्यात पडते तेव्हा बघा, आधी डब्यात जी दबलेली असते ती फुलून दुप्पट दिसायला लागते, रंग पण उजळतो. ही अर्ध्या मिनिटाची गोष्ट आहे आणि फरक सगळा यातच आहे.

आता पाणी दोन टप्प्यांत. आधी फक्त एक मोठा चमचा, १५ मिली. हलक्या हातानं कालवून चकचकीत पातळ चटणीसारखं करा, कोपऱ्यात कोरडं काही राहता कामा नये. मग उरलेलं ३५ मिली घाला आणि घुसळा.

कशानं घुसळायचं? जपानी पद्धतीचं ते बांबूचं चासेन, एकाच बांबूच्या तुकड्यातनं ८०-१०० काड्या तासून करतात, नारा भागातलं ताकायामा गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे. आपल्याकडे ऑनलाइन जे स्वस्तात मिळतात ते बहुतेक चीनमधले, रोजच्या वापराला चालतात. चासेननं घुसळताना गोल गोल फिरवायचं नाही, मनगट सैल सोडून पुढं-मागं, इंग्रजी डब्ल्यू अक्षर काढल्यासारखं, आणि काड्या वाडग्याच्या बुडाला दाबायच्या नाहीत, मोडतात. २० सेकंदात वर मोठे बुडबुडे येतात, तिथं थांबू नका, आणखी १०-१५ सेकंद वरवर हलवत राहा, मग ते मोठे बुडबुडे फुटून बारीक मऊ फेस होतो, ताज्या लोण्याच्या ताकावर असतो तसा, फक्त हिरवा. वाडगा तिरका केला की कडेला रंग एकसारखा ओघळला पाहिजे, ठिपके दिसले तर अजून घुसळा.

चासेन नसेल तर बॅटरीवरचा फ्रॉदर, म्हणजे फेस करायचं छोटं हातयंत्र, दोन-अडीचशेत मिळतो, उंच पेल्यात १५-२० सेकंद फिरवला की झालं, खरं सांगायचं तर बर्फाच्या लाटेसाठी मला तो तितकाच चांगला वाटतो. तेही नसेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी, जॅमची रिकामी चालते, चाळलेली पावडर आणि पाणी घालून अर्धा मिनिट जोरात हलवा, पण पाणी गरम असेल तर आत वाफ दाबते, म्हणून बरणीत करायचं असेल तर कोमट किंवा सरळ गार पाणी घ्या. आपली लाकडी रवी मला फार वाटत होती की चालेल, पण एवढ्याशा पाण्यात तिचं डोकं बुडतच नाही, नुसते शिंतोडे उडतात. चार-पाच जणांचं एकदम करत असाल आणि पाणी पाव लिटर असेल तर मात्र रवीनं सुरेख होतंय, चाळून घेतलंय ही अट.

भर उन्हाळ्यात मी कधी कधी गरम पाणी करतच नाही. बरणीत माठातलं गार पाणी ६० मिली, माचा, हलवायचं ४०-५० सेकंद. कडूपणा आणखी कमी येतो, फेस तेवढा बारीक होत नाही, पण दुपारी गॅस पेटवायचा नाही हे सुख मोठं आहे.

दूध: इथं कोल्हापूरकरांनी जरा ऐकावं

आपल्याला दूध म्हणजे म्हशीचं. गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात त्या गावचे आपण, पातळ दुधाला दूध म्हणायलाच जड जातंय. पण आइस्ड माचाला म्हशीचं घट्ट दूध जमत नाही, आणि हे मी बऱ्याच वेळा करून बघून सांगतेय. म्हशीच्या दुधात फॅट ६-७ टक्के, ते गार झालं की जिभेवर थर धरतं आणि माचाची चव त्याच्या खाली दबून जाते, नुसतं हिरवं दूध प्यायल्यासारखं. शिवाय आपण दूध तापवून फ्रिजमध्ये ठेवतो त्यामुळं सायीचे बारीक तुकडे बर्फाला चिकटतात, आणि आटवलेल्या दुधाचा जो वास आपल्याला बासुंदीत हवाहवासा वाटतो तो इथं मध्ये येतो.

तेव्हा गायीचं दूध घ्या. पिशवीतलं गोकुळचं, वारणाचं, जे तुमच्याकडे येतं ते गायीचं चालेल, फॅट साडेतीनच्या आसपास असतं, किंवा टोन्ड, ज्यात ३ टक्के असतं. पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतंय, डेअरीपासून घरापर्यंत गारच राहिलं असेल तर न तापवता वापरता येतं आणि चव जास्त स्वच्छ लागते, पण मे महिन्यात पिशवी तासभर बाहेर राहिली असेल तर तापवाच. गवळ्याकडचं सुटं दूध मात्र कुठल्याही परिस्थितीत तापवूनच, मग पूर्ण गार करून, गाळून. धारोष्ण दूध सरळ यात घालू नका.

घरात म्हशीचंच दूध असेल तर १०० मिली दुधात ५० मिली गार पाणी घालून, गाळून घ्या. आमच्या आईला हे ऐकून फार वाईट वाटलं होतं, "दुधात पाणी घालायला लावतेस होय गं," म्हणाली, पण दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवून प्यायला दिल्यावर तिनं स्वतःच पातळ वाला उचलला.

ओटचं दूध मिळालं तर ते माचाबरोबर छान जातंय, त्याला स्वतःचा थोडा धान्याचा गोडवा असतो. बदामाचं पातळ लागतं. नारळाच्या दुधाचा वास सगळ्यावर बसतो, मला नाही आवडला.

गोडवा

साखर सरळ गार दुधात घालू नका, विरघळत नाही, तळाला कचकच राहते. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, तार येऊ द्यायची नाही, गुलाबजामच्या पाकापेक्षाही पातळ. गार करून बाटलीत, फ्रिजमध्ये १०-१२ दिवस आरामात राहतो. एका ग्लासला एक मोठा चमचा पुरे, पहिल्यांदा पिणाऱ्याला दीड.

आणि गूळ? कोल्हापुरात राहून हा प्रश्न येणारच, आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, घरात साखरेच्या आधी गूळ असतो. गूळ घालता येतो पण हिशोबानं. खरं तर काकवी जास्त बरी, गुऱ्हाळं चालू असतात तेव्हा ताजी आणून ठेवते मी. काकवीची चव दणकट असते, साखरेच्या पाकाएवढी घातली की माचा ऐकूच येत नाही, आणि हिरवा रंग शेवाळी होतो. म्हणून दोन छोटे चमचे काकवी, त्यात एक चमचा पाणी घालून पातळ करायची आणि ग्लासच्या तळाला ओतायची, वर बर्फ आणि दूध, ढवळायची नाही. पिताना खालनं थोडी थोडी येते. काकवीची ती किंचित खारट, भाजल्यासारखी चव आणि माचाचा गवताळ वास एकत्र इतके चांगले लागतात की पाहुण्यांना मी आता हाच देते. गुळाचा खडा घ्यायचा तर पाण्यात विरघळवून, गाळून, गार करून घाला, गरम गुळाचं पाणी दुधात गेलं तर दूध नासायची भीती असते.

बर्फ आणि ग्लास भरणं

बर्फाला फ्रीजरचा वास लागतो, हे आपल्या लक्षात येत नाही कारण सरबतात लिंबू असतंय. माचात लगेच कळतंय. आमच्या फ्रीजरमध्ये किसलेलं खोबरं आणि आलं-लसणाचं वाटण असतं, त्याशेजारचा उघडा बर्फ घातला होता एकदा, पहिल्या घोटालाच लसूण. झाकणाचा ट्रे घ्या किंवा बर्फ प्लास्टिकच्या डब्यात काढून ठेवा. छोट्या छोट्या खड्यांपेक्षा मोठे खडे चांगले, हळू वितळतात.

आणखी एक हिशोब सांगते. घुसळलेला ५० मिली माचा ६५ अंशाच्या आसपास असतो, तो तसाच बर्फावर ओतला तर त्याला गार करायलाच ३५-४० ग्रॅम बर्फ वितळतोय, म्हणजे तुमच्या ग्लासात अडीच चमचे पाणी फुकट वाढलं. म्हणून घुसळल्यावर तीन-चार मिनिटं थांबा, कोमट होऊ द्या, ओतायच्या आधी पुन्हा एकदा पाच सेकंद घुसळा. एवढ्यानं बर्फ बराच कमी वितळतो. ज्यांना अगदी दाट आवडतं त्यांनी दुधाचेच खडे करून ठेवावेत, वितळले तरी दूधच.

आता क्रम. ग्लासात आधी पाक, मग बर्फ काठोकाठ, मग गार दूध पाऊण ग्लासापर्यंत. पाक आणि दूध एकदा हलवून घ्या, गोड झालेलं दूध जड होतंय आणि वरनं ओतलेला माचा त्यावर तरंगतो. माचा ओतताना वरच्या बर्फाच्या खड्यावर नेम धरून बारीक धार सोडा. तो खड्यावरनं ओघळत दुधात उतरतो, मध्ये हिरवे-पांढरे धागे होतात, हळूहळू खाली सरकतात. घरातली लहान पोरं हे बघायलाच ओट्याजवळ येऊन उभी राहतात. फोटो काढायचा तर आत्ताच, कारण पिताना ढवळूनच प्यायचं. माचा विरघळत नाही, नुसता पाण्यात तरंगत असतो, दहा-पंधरा मिनिटं ग्लास ठेवला की तळाला बसायला लागतो, शेवटचा घोट मग चिखल होतो.

बिघडलं तर

कडू झालं तर आधी चमचा तपासा, मग पाण्याची उष्णता, आणि दोन्ही ठीक असेल तर पावडर जुनी आहे. पांचट लागलं तर बहुतेक दूध जास्त झालंय, १५० च्या वर जाऊ नका, साखर वाढवून ते सुधारत नाही, माचा अर्धा ग्रॅम वाढवा. गुठळ्या आल्या तर चाळलं नव्हतं, ग्लासात गेल्यावर त्याला इलाज नाही, गाळून घ्या आणि पुढच्या वेळी चाळा. माशाचा वास आला तर बहुतेक हलका माल आहे, तो केकमध्ये वापरून संपवा.

आंबा आणि स्ट्रॉबेरी

मे महिन्यात घरात हापूस असतोच. पाकाऐवजी तळाला तीन मोठे चमचे आमरस, साखर न घातलेला, त्यावर बर्फ, दूध १२० मिलीच, वर माचा. आंबा चांगला पिकलेला पाहिजे, आंबूस असेल तर दुधाबरोबर बरा लागत नाही, आणि करून ठेवायचं नाही, लगेच प्यायचं. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यायला लागते, ५-६ फळं चिरून दोन चमचे साखर लावून पंधरा मिनिटं ठेवा, पाणी सुटतं, काट्यानं ठेचून तळाला घाला. गॅसवर शिजवू नका, ताजा वास जातो.

कोणी जपून

२ ग्रॅम माचात साधारण ४० ते ७० मिलीग्रॅम कॅफिन असतं. सरबत म्हणून लहान मुलांना देऊ नका, आणि झोपेची तक्रार असणाऱ्यांनी दुपारी चारनंतर टाळा. गरोदर बायकांना दिवसाचं कॅफिन २०० मिलीग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात, त्यात चहा-कॉफी सगळं धरायचं, डॉक्टरांना विचारून घ्या. चहातले तुरट घटक जेवणातलं लोह अंगी लागू देत नाहीत, आणि आपल्याकडे किती बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं हे आपल्याला घरोघरी माहीत आहे, म्हणून जेवणाबरोबर नाही, जेवणानंतर तासभर तरी जाऊ द्या. वजन उतरतंय म्हणून पिऊ नका, साखर-दूध घातलेलं पेय आहे, आवडतंय म्हणून प्या.

ठेवायचं कसं, आणि पावसाळा

माचाला उजेड, हवा, ओल आणि वास चारही चालत नाहीत. मसाल्याच्या कपाटात तर अजिबात नको, कांदा-लसूण चटणीच्या बरणीशेजारी ठेवलेला डबा मी चार दिवसांत घालवला आहे. घट्ट झाकणाचा डबा, तो आणखी एका डब्यात, आणि फ्रिजमध्ये. पण फ्रिजमधनं काढून लगेच उघडू नका, विशेषतः जून ते सप्टेंबर, बाहेरची दमट हवा गार पावडरीवर बसते आणि आत पाणी धरतं. अर्धा तास बाहेर ठेवा, मग उघडा, घ्या, लगेच बंद.

चासेनला साबण लावायचा नाही, गरम पाण्यात दोनदा घुसळून झटकायचं आणि वाळवायचं. उन्हाळ्यात तासात वाळतं, पण जुलैमध्ये इथं आठ-आठ दिवस ऊन नसतं, कपडे वाळत नाहीत तिथं बांबूचं काय. माझं पहिलं चासेन असंच गेलं, काड्यांच्या मुळाशी काळी बुरशी धरली, ती धुऊन जात नाही, टाकूनच द्यावं लागलं. आता पावसाळाभर धुतल्यावर स्वच्छ फडक्यानं टिपून घेते, पंख्याखाली उघड्यावर उभं ठेवते, डब्यात बंद करत नाही, आणि सलग तीन-चार दिवस झड लागली असेल तर सरळ फ्रॉदर वापरते.